डॉक्टर, तेवढी बुटाची चिठ्ठी द्या!

दवाखान्यात लोक केवळ औषधासाठीच येतात असे नाही. पुष्कळ जण चिठ्ठीसाठी येतात. शाळा बुडालेल्या मुलाचे वडील येतात, बहिणीच्या लग्नाला रजा न मिळालेला कारकून येतो, विम्याचा कागद घेऊन कोणी येतो. गावच्या डॉक्टरला यात नवीन काही नाही. गेल्या काही वर्षांत मात्र चिठ्ठीचा एक निराळाच प्रकार माझ्या टेबलावर येऊ लागला आहे. "डॉक्टरसाहेब, बुटाऐवजी सँडल चालेल असं लिहून द्या." "रोज दाढी करू नये, असं तुमच्या लेटरहेडवर द्या." "टायची सक्ती नको म्हणून दोन ओळी लिहा ना."

मागणारे कोण, तर कापडाच्या शोरूममधले सेल्समन, मोबाइलच्या दुकानात उभ्या राहणाऱ्या मुली, हॉटेलातले वेटर, पतसंस्थेच्या काउंटरवरचे कर्मचारी, मोठ्या दवाखान्यांच्या स्वागतकक्षात बसणाऱ्या ताई. रोज शेकडो गिऱ्हाइकांना 'या, बसा' म्हणणारी ही मंडळी. त्यांच्या कपड्यांचा, बुटांचा आणि केसांचा नियम मालकाने ठरवलेला असतो आणि त्या नियमाचा त्रास घेऊन ती माझ्याकडे येतात. म्हणून वाचकहो, आज एखाद्या रोगाविषयी न लिहिता गणवेशाविषयी लिहायचे ठरवले आहे.

गादी गेली, काउंटर आला

आमच्या लहानपणी कापड दुकानात पांढरीशुभ्र चादर घातलेली गादी असायची. गिऱ्हाईक बाहेर चपला काढून गादीवर टेकायचे आणि दुकानातला माणूसही समोर मांडी घालून लुगडी उलगडायचा. त्याच्या अंगात सुती सदरा किंवा नुसती बंडी, खाली पायजमा किंवा धोतर आणि पाय उघडे. ते जुने दिवस फार सुखाचे होते असे मी म्हणत नाही. पगार तुटपुंजे होते आणि कामाच्या वेळेला धरबंध नव्हता. पण तो पोशाख आपल्या हवेतून जन्मलेला होता, एवढे मात्र खरे.

आता गादीच्या जागी काचेचे काउंटर आले. काउंटर आला तशी उभे राहण्याची सक्ती आली. शहरातल्या शोरूमसारखे दिसायचे म्हणून गणवेश आला, बूट आले, काही ठिकाणी टायही आला. माणसे तीच, गाव तेच, ऊनही तेच. आमच्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई आणि आखाजीची गर्दी असते. त्या दिवसांत सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत पॉलिएस्टरचा बंद शर्ट, जाड पँट, आवळलेला पट्टा, मोजे आणि बूट अशा जामानिम्यात वावरणाऱ्या शरीराचे काय होत असेल, याचा विचार नियम करताना क्वचितच होतो. दुकानाच्या पुढच्या भागात वातानुकूलन असले तरी माल काढायला ज्या माळ्यावर चढायचे तिथे साधा पंखाही नसतो.

घाम वाळला तरच उपयोग

शरीर थंड ठेवण्याचे निसर्गाने दिलेले मुख्य साधन म्हणजे घाम. परंतु घाम नुसता येऊन भागत नाही. तो कातडीवरून वाळला पाहिजे. वाळताना तो शरीरातली उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने. माठाला बाहेरून प्लॅस्टिक गुंडाळले तर पाणी गार होईल का? पॉलिएस्टरचे घट्ट कपडे अंगावर जवळपास तेच काम करतात. सुती कापड साध्या हवेतही आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मग घाम कपड्यात न शिरता कातडीवरच साचतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात कातडी दिवसभर ओली राहते. त्यातून आधी घामोळे येते आणि त्यामागून येतो तो नायटा, म्हणजेच गजकर्ण.

नायट्याला लोक क्षुल्लक समजतात. पूर्वी तो तसा होताही. दोन-तीन आठवडे मलम लावले की बरा होत असे. आता परिस्थिती पालटली आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतभर नायट्याची जणू साथच पसरली असून तो चिवट झाला आहे. आपल्याकडे आढळणाऱ्या एका बुरशीवर टर्बिनाफाइन हे एके काळचे हुकमी औषध पुष्कळदा चालत नाही. त्या बुरशीला शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई' असे नाव दिले. म्हणजे आपल्या देशाचे नाव तिला चिकटले. यात भूषण वाटण्यासारखे काही नाही.

या चिवटपणाचे एक मोठे कारण आपल्या मेडिकल दुकानांतून मिळणाऱ्या मिश्र मलमांत आहे. बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि कडक स्टिरॉइड असे तिन्ही एकाच ट्यूबमध्ये असते. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि माणूस खूश होतो. प्रत्यक्षात कातडीची प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि बुरशीला रान मोकळे मिळालेले असते. मलम थांबवले की नायटा दुप्पट जोराने उसळतो. महिनोन्महिने लावले तर कातडी पातळ होते आणि जांघेत, काखेत कायमचे पांढरट चरे पडतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइडची मलमे 'एच' परिशिष्टात टाकली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती कशी मिळतात, हे वाचकांना सांगायला नको.

आता ज्या मुलाला अकरा तास गिऱ्हाइकासमोर उभे राहायचे आहे आणि चारचौघांत जांघ खाजवता येत नाही, त्याची अवस्था डोळ्यांसमोर आणा. तो मेडिकलमध्ये जाऊन 'लवकर खाज थांबेल असं काही द्या' असेच म्हणणार. असा एक पंचविशीतला तरुण आठ महिने अशी मलमे लावून माझ्याकडे आला. तोवर नायटा कमरेवरून पोटावर गेला होता. बायकोला झाला होता आणि दीड वर्षाच्या मुलीच्या अंगावरही दोन चकत्या उठल्या होत्या. औषधांवर त्याचे पैसे गेले ते वेगळेच. मी औषधे लिहिली आणि म्हणालो, "अरे बाळा, ही पँट आणि हे बूट तसेच राहिले तर माझ्या गोळ्या काय करणार?" तो म्हणाला, "साहेब, पँट माझी नाही, दुकानाची आहे." त्याच्या रोगाची अर्धी हकीकत या एका वाक्यात आली.

पायांची तक्रार

बंद बुटात पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते आणि त्या भेगेतून जंतू आत शिरतात. पुष्कळदा पाय अचानक लालभडक होऊन सुजतो, थंडी वाजून ताप येतो. त्याचे मूळ शोधू गेले तर ते करंगळीजवळच्या एवढ्याशा भेगेत सापडते.

मधुमेहींची गोष्ट तर त्याहून गंभीर. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहाने पायाची संवेदना कमी होते. बूट चावला तरी कळत नाही. संध्याकाळी मोजा ओला लागला म्हणून पाहावे तर फोड फुटून जखम झालेली असते. अशी जखम चिघळली की बोट, कधी पाऊलही गमावण्याची वेळ येते. पन्नाशीच्या सेल्समनला टोकदार, कडक बूट सक्तीचे करणे म्हणजे त्याच्या पायाशी जुगार खेळणे होय. मात्र याचा अर्थ मधुमेहींनी अनवाणी फिरावे किंवा अंगठ्याची सपाता वापरावी असा नाही. पुढे रुंद, तळ मऊ आणि मागे पट्टा असलेली पादत्राणे त्यांना हवीत. सूट मागायची ती अशा पादत्राणांसाठी.

मुलींच्या बाबतीत उंच टाचा हा आणखी एक त्रास. टाच वर गेली की शरीराचा भार चवड्यावर येतो. पोटऱ्यांचे स्नायू आखडतात, अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढल्यासारखे दिसू लागते, गुडघे आणि कंबर धरते. तासन् तास एका जागी उभे राहिल्याने पायातल्या शिरा फुगतात त्या वेगळ्याच. घरी गेल्यावर याच मुलींना भाकरी थापायला ओट्याशी पुन्हा उभे राहायचे असते.

गळा, कंबर आणि केस

टायविषयी एक निरीक्षण सांगण्यासारखे आहे. २००३ मध्ये अमेरिकेतील काही नेत्रतज्ज्ञांनी टाय घट्ट आवळल्यावर डोळ्यांतील दाब मोजला. निरोगी आणि काचबिंदूच्या अशा दोन्ही गटांतल्या बऱ्याच जणांत तो वाढलेला आढळला. पाहणी लहान होती आणि मोजमाप टाय आवळल्यानंतर थोड्याच वेळाने केलेले होते. त्यामुळे टायने काचबिंदू होतो असा निष्कर्ष कोणी काढू नये. पण ज्याला आधीच काचबिंदू आहे त्याने गळा आवळून बसू नये, एवढा बोध त्यातून घेता येतो.

कमरेच्या पट्ट्याचेही तसेच. 'शर्ट खोचलेला, पट्टा दिसला पाहिजे' असा नियम असतो. जेवणानंतर पोट आवळलेले असले की आम्ल वर घशाशी येते. अॅसिडिटीच्या गोळ्या खाणाऱ्यांनी आधी पट्ट्याचे एक भोक सैल करून पाहावे. घट्ट पँट आणि पट्ट्याने जांघेजवळची एक नस दबून मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. अशा तरुणांना वाटते की अर्धांगवायू होणार, आणि ती घाबरून धावत येतात. पँट सैल केली की त्यातल्या बहुतेकांना बरे वाटते.

रोज गुळगुळीत दाढीची सक्ती सर्वांच्या कातडीला मानवत नाही. कुरळे, राठ केस असलेल्यांत कापलेला केस वळून पुन्हा कातडीत शिरतो. तिथे पुटकुळी येते, ती पिकते आणि काळा डाग ठेवून जाते. अशांनी खोलवर वस्तरा न फिरवता यंत्राने केस बारीक कातरावेत. नियमात 'दाढी नीटनेटकी असावी' एवढे लिहिले तरी काम भागते. 'रोज तासलेली असावी' असे लिहिण्याची गरज नाही.

पिकलेल्या केसांचे तर नवलच आहे. "केस काळे करा, काउंटरवर म्हातारा दिसतो" असे मालकाने सांगितलेला बावन्न वर्षांचा एक गृहस्थ माझ्याकडे आला, तेव्हा त्याचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते आणि कपाळावरून पाणी वाहत होते. काळ्या कलपात पॅराफेनिलीन डायअमीन नावाचे रसायन असते. काहींना त्याची तीव्र अॅलर्जी येते आणि एकदा आली की ती बहुधा जन्मभर राहते. पिकले केस हा आजार नव्हे. त्यावर केलेल्या उपायाने मात्र माणूस आजारी पडला.

स्त्रियांच्या नियमांत घट्ट अंबाडा, लिपस्टिक, टिकली अशा गोष्टी असतात. केस रोज ओढून बांधल्याने कपाळालगतचे आणि कानांवरचे केस विरळ होतात. ओढ फार काळ राहिली तर ते पुन्हा येत नाहीत. टिकलीच्या डिंकातल्या रसायनाने काहींच्या कपाळावर कोडासारखा पांढरा डाग पडतो आणि आपल्या समाजात अशा डागाने मुलीच्या लग्नाचे काय होते, हे मी लिहायला नको. ज्यांना या गोष्टी आवडतात आणि सोसतात त्यांनी खुशाल कराव्यात. प्रश्न आहे तो सक्तीचा.

चिठ्ठीने काय साधते?

आता पुन्हा चिठ्ठीकडे वळू. मागेल त्याची तक्रार खरी असेल तर मी चिठ्ठी देतो. पण तिचा परिणाम काय होतो, तेही पाहत आलो आहे. एका मुलीच्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या. मी सपाट पादत्राणे आणि अधूनमधून बसण्याची मुभा लिहून दिली. तिला उत्तर मिळाले, "बरं वाटेपर्यंत घरी बसा." पगार बंद झाला आणि पंधरा दिवसांनी ती मुलगी त्याच टाचांच्या चपला घालून कामावर गेली. दुसऱ्या एकाच्या नायट्याची चिठ्ठी दुकानभर फिरली आणि सोबतची मुले त्याच्याबरोबर डबा खाईनाशी झाली.

चिठ्ठी रोग्याला वेगळे काढते. तिच्यामुळे माणूस 'तक्रारखोर' तरी ठरतो नाहीतर 'आजारी' तरी. ज्याला नोकरीची भीती असते तो ती मागतच नाही. तो मुकाट्याने मलम लावत राहतो. म्हणून माझे स्पष्ट मत झाले आहे की हा प्रश्न एकेकट्याला सूट देऊन सुटणार नाही. नियमच असा हवा की तो पाळायला कोणालाही डॉक्टरकडे जावे लागू नये.

जगाने काय केले?

कोणी म्हणेल, असे नियम सैल केले तर धंद्याची शिस्त राहील का? ज्यांच्या शिस्तीचे आपण गोडवे गातो त्या जपानचेच उदाहरण घ्या. २००५ च्या उन्हाळ्यात जपानच्या पर्यावरण खात्याने 'कूल बिझ' नावाची मोहीम काढली. वातानुकूलन २८ अंशांवर ठेवायचे आणि कोट-टाय काढून कामावर यायचे. खुद्द पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी टायशिवाय लोकांसमोर आले. पुढे २०१९ मध्ये युमी इशिकावा या महिलेने नोकरीतल्या उंच टाचांच्या सक्तीविरुद्ध आवाज उठवला आणि हजारो सह्यांचे निवेदन सरकारला दिले. २०२० मध्ये जपान एअरलाइन्सने आपल्या हवाईसेविकांवरची टाचांची अट काढून टाकली. २०१७ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आणि फिलिपीन्स देशाने अशा सक्तीला कायद्याने, आदेशाने आळा घातला होता.

आपल्या देशातही वारे बदलत आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अकासा एअर या विमान कंपनीने आपल्या सेवकवर्गाला पँट आणि खेळाचे बूट दिले. विमानात बसणाऱ्यांनी ते पाहून तिकिटे परत केली नाहीत! केरळात कोझिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षे लढा दिला. २०१८ मध्ये तिथला दुकानांचा कायदा बदलला आणि २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तशी दुरुस्ती केली. आपल्या तालुक्याच्या कोर्टाकडे पाहा. उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालये सोडून इतरत्र वकिलांना काळा कोट सक्तीचा नाही, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच आहे. न्यायदेवतेसमोर जे चालते ते साडीच्या काउंटरवर का चालू नये?

आम्हा डॉक्टरांचेही घ्या. २००७ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने सरकारी रुग्णालयांत 'कोपराखाली हात उघडे' असा नियम आणला. रोग्याला तपासताना लांब बाह्यांचा पांढरा कोट नको, मनगटी घड्याळ नको आणि टायही नको, कारण हात नीट धुता आले पाहिजेत. कोट ही डॉक्टरची ओळख. पण रोग्याच्या आरोग्यापुढे ती बाजूला ठेवली गेली.

काय ठेवावे, काय सोडावे?

गणवेश मुळातच नको, असे माझे म्हणणे नाही. गणवेशाचे फायदे आहेत. गिऱ्हाइकाला दुकानातला माणूस चटकन ओळखू येतो. गरिबाच्या आणि बऱ्या घरातल्या मुलाच्या कपड्यांतला फरक दिसत नाही. स्वतःचे चांगले कपडे झिजत नाहीत. काही नियम तर मुळीच सैल करू नयेत. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्याची नखे कापलेली हवीत, केस टोपीत हवेत, बोटांत अंगठ्या नकोत. भट्टीजवळ, तळणीजवळ काम करणाऱ्याच्या अंगावर सुतीच कपडा हवा, कारण कृत्रिम धाग्याचे कापड पेटले की वितळून कातडीला चिकटते. हे नियम कोणाच्या तरी जिवाच्या आणि आरोग्याच्या रक्षणासाठी आहेत. ज्या नियमामागे असे कारण सांगता येते तो ठेवावा. ज्याचे कारण 'तसं बरं दिसतं' एवढेच आहे, तो हवामान आणि शरीर यांना विचारून ठेवावा.

माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराशी याविषयी बोलणे झाले. ते म्हणाले, "डॉक्टर, तुमचं खरं असेल, पण गिऱ्हाईक काय म्हणेल? एक नूर आदमी, दस नूर कपडा!" मी म्हणालो, "शेठ, नूर हवाच. पण खाज दाबत, पाय बदलत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर तो येणार कुठून?" बरेच दिवस ते काही बोलले नाहीत. त्यानंतरच्या उन्हाळ्याआधी त्यांनी सर्वांना एकाच रंगाचे अर्ध्या बाह्यांचे सुती शर्ट शिवले, टाय बंद केला, मागे पट्ट्याच्या सँडलला परवानगी दिली आणि काउंटरमागे चार स्टुले ठेवली. आखाजीच्या गर्दीत टाय कुठे गेला असे एकाही गिऱ्हाइकाने विचारले नाही, हे त्यांनीच मला सांगितले.

थोडक्यात सूचना

मालकांसाठी : (१) मार्चपासून जूनपर्यंत तरी सुती किंवा सुताचे प्रमाण जास्त असलेले, सैलसर कपडे द्यावेत. रंग एकच ठेवावा, म्हणजे ओळख राहते. (२) किमान तीन जोड द्यावेत. दोनच जोड असतील तर पावसाळ्यात ओलाच कपडा अंगावर चढतो. (३) पादत्राणांचा रंग ठरवावा, प्रकार ज्याचा त्याला ठरवू द्यावा. (४) दाढी, केस, नटणे याबाबत 'स्वच्छ आणि नीटनेटके' हे दोन शब्द पुरेत. (५) गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसू द्यावे. (६) गरोदर स्त्रियांना सैल कपडे आणि सपाट पादत्राणे न मागता द्यावीत.

काम करणाऱ्यांसाठी : (१) बुटांचे दोन जोड असतील तर आलटून पालटून वापरा, म्हणजे एक जोड वाळतो. (२) सुती मोजे रोज धुतलेले घाला आणि जमल्यास दुपारी बदला. (३) आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या आणि जांघा कोरड्या पुसा. (४) नायटा असेल तर टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवा, गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळवा. घरात दुसऱ्या कोणाला असेल तर सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्या. (५) मेडिकलमधून परस्पर मलम आणू नका आणि खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नका. (६) मधुमेह असेल तर रोज रात्री पायाचे तळवे आरशात पाहा. (७) मालकाकडे एकट्याने जाण्यापेक्षा सर्वांनी मिळून जा. एकट्याची तक्रार वाटते, दहा जणांचे म्हणणे ऐकावे लागते.

आणि शेवटी गिऱ्हाइकांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी. 'गिऱ्हाईक काय म्हणेल' या एका भीतीपोटी हे सगळे नियम उभे आहेत. तेव्हा गिऱ्हाइकाने काहीतरी म्हणायला हरकत नाही. लग्नाचा बस्ता बांधायला जाल तेव्हा चाळिसावी साडी उलगडणाऱ्या त्या मुलाला बसून दाखवायला सांगा. गल्ल्यावरच्या शेठला ऐकू जाईल अशा आवाजात विचारा, "शेठ, एवढ्या उन्हात यांना टाय कशाला?" डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा या प्रश्नाचा गुण लवकर येतो.